आवाज कोठे थांबला?

तंजावरच्या बृहदीश्वराच्या देवळात भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा एक मोठा मराठी शिलालेख आहे. १८०३ साली, सरफोजी राजांच्या कारकिर्दीत तो कोरला गेला. दोन शतके उलटून गेली, राज्य गेले, राजे गेले. अक्षरे मात्र अजून वाचता येतात, आणि ती वाचावयास डोळ्यांवाचून दुसरे काही लागत नाही. हा विचार माझ्या मनात आला तो देवळात उभा असताना नव्हे. देवळापासून फार दूर नसलेल्या एका जुन्या घराच्या ओसरीवर, पंच्याऐंशी वर्षे ओलांडलेल्या एका आजींच्या पुढ्यात मी बसलो होतो, आणि माझ्या मांडीवरचा संगणक एकाएकी बहिरा झाला होता.

आजींची मराठी तंजावरची. तिला तमिळचा सहवास घडला आहे, आणि आपल्याकडे केव्हाच मावळलेले कित्येक शब्द तिच्यात अजून नांदत आहेत. त्यांच्या घराण्यात लग्नप्रसंगी म्हणावयाची गाणी मी ध्वनिमुद्रित करीत होतो. आदल्या दिवशी दोन गाणी झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तिसरे आरंभिले. मी डोळे मिटून ऐकत होतो. चारपाच मिनिटांनी सहज पडद्याकडे पाहिले, तो जेथे आवाजाच्या लाटा उमटावयाच्या तेथे एक सरळ रेघ चाललेली! आजी गात होत्या, मायक्रोफोन समोर होता, पेटीवरचा दिवा लागलेला होता, आणि संगणकाच्या लेखी त्या खोलीत कोणी बोलतही नव्हते.

ज्या श्रोत्यांचा या यंत्राशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. मायक्रोफोन आणि संगणक यांच्यामध्ये एक लहानशी पेटी असते. तिला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. मायक्रोफोनकडून आलेला दुबळा विद्युत्प्रवाह ती सबळ करते आणि त्याचे आकडे बनवून संगणकाच्या स्वाधीन करते. प्रवाह किती सबळ करावयाचा हे तिच्यावरच्या एका खुंटीने ठरते. तिला गेन म्हणतात. आवाज येईनासा झाला म्हणजे माणूस प्रथम जे करतो तेच मी केले. गेनची खुंटी होती तेवढी उजवीकडे पिळली. खुंटीभोवतीचा हिरवा दिवा तांबडा झाला. पडद्यावरची रेघ सरळच राहिली. मी तांबडा दिवा पाहिला. परंतु तो काय सांगत होता ते मी वाचले नाही.

ऐकू येत नाही म्हणून जोर वाढवावयाचा, या सवयीला मोठा इतिहास आहे. त्यातील सर्वांत महागडा प्रसंग १८५८ सालचा.

त्या वर्षी ५ ऑगस्टला आयर्लंडमधील व्हॅलेन्शिया आणि न्यूफाउंडलंड यांच्या दरम्यान अटलांटिक महासागराच्या तळाशी तारायंत्राची पहिली तार टाकून पूर्ण झाली. मध्ये तांब्याची तार, तिच्यावर गटापर्चाचे वेष्टन, त्यावर लोखंडी तारांचे चिलखत. दोन्ही तीरांवर आनंदाला सीमा राहिली नाही. न्यूयॉर्कमध्ये शोभेच्या दारूकामाने नगरभवनाच्या घुमटालाच आग लागली. १६ ऑगस्टला राणी व्हिक्टोरियाचा संदेश अमेरिकेचे अध्यक्ष ब्यूकॅनन यांच्याकडे निघाला. संदेश अवघा ९८ शब्दांचा, आणि तो पोहोचण्यास लागले सुमारे १६ तास! लोकांना हे तास सांगण्यात आले नाहीत, हे निराळे.

विलंबाचे कारण ग्लासगोचे तरुण प्राध्यापक विल्यम टॉमसन यांनी तार टाकण्यापूर्वीच सांगून ठेवले होते. आत तांबे, बाहेर समुद्राचे खारे पाणी आणि मध्ये गटापर्चा अशी रचना झाली म्हणजे ती नुसती तार राहत नाही; वीज साठवून धरणारे ते एक लांबच लांब भांडे होते. एका टोकाला दिलेला ठोका दुसऱ्या टोकाला ठोका म्हणून पोहोचत नाही, तर हळूहळू चढणारी आणि त्याहून हळू उतरणारी लाट म्हणून पोहोचतो. तारेची लांबी दुप्पट केली तर हा विलंब चौपट होतो. यावर टॉमसन यांचा उपाय असा, की पाठविणाऱ्याने आवाज चढवू नये, ऐकणाऱ्याने कान तीक्ष्ण करावा. त्यासाठी त्यांनी एक उपकरण रचले. रेशमाच्या एका तंतूला टांगलेला इवलासा आरसा, त्याच्या पाठीला चिकटविलेले चुंबकाचे बारीक तुकडे, आणि आरशावरून परावर्तित होऊन दूरच्या पट्टीवर पडणारा प्रकाशाचा ठिपका. प्रवाह कितीही क्षीण असला तरी ठिपका डावी-उजवीकडे सरकावयाचाच.

कंपनीचे विद्युत्तज्ज्ञ होते वाइल्डमन व्हाइटहाउस. शिक्षणाने ते शस्त्रवैद्य. टॉमसन यांचे गणित त्यांना पटले नव्हते, आणि त्यांचा विश्वास जोरावर होता. पाच पाच फूट लांबीची प्रचंड वेटोळी वापरून त्यांनी सुमारे २००० व्होल्टपर्यंतचा दाब त्या तारेत सोडला. तार मंदावली तेव्हा दाब कमी करावयाचा सोडून तो तसाच चालू ठेवला. त्यांची स्वतःची ग्राहकयंत्रे निकामी ठरली तेव्हा संदेश वाचले गेले ते टॉमसन यांच्या आरशावरून, आणि ते आपल्याच यंत्रांचे म्हणून दाखविण्यात आले. ही गोष्ट उघडकीस येताच संचालकांनी त्यांना कामावरून दूर केले. तोवर तारेचे आयुष्य सरत आले होते. १ सप्टेंबरला न्यूयॉर्क शहर तारेच्या यशाचा महोत्सव साजरा करीत होते, आणि नेमक्या त्याच दिवसाच्या सुमारास तिच्यातून समजण्याजोगे शब्द येणे बंद झाले. वाद्ये वाजत होती आणि ज्याच्यासाठी ती वाजत होती ते मुके झाले होते, असा हा योग.

व्हाइटहाउस यांच्यावर सारा दोष टाकून मोकळे होण्याची चाल पुष्कळ दिवस पडली होती. मला ती न्याय्य वाटत नाही. ती तार घाईने बनविली गेली होती. कोठे कोठे तांबे गटापर्चाच्या मधोमध नसून कडेला सरकलेले होते. आणि ती बरेच दिवस उघड्यावर उन्हात पडून होती. म्हणजे रोगी आधीच दुर्बळ होता. मात्र दुर्बळ रोग्याला जमालगोटा देणाऱ्या वैद्याची बाजू कितीशी घेता येणार?

त्या जेमतेम तीन आठवड्यांच्या आयुष्यात या तारेने एक काम असे केले की त्याचा धागा आपल्या देशाशी जोडलेला आहे. १८५७ च्या उठावामुळे कॅनडातील दोन इंग्रज पलटणींना परत येण्याचे हुकूम सुटले होते. १८५८ च्या ऑगस्टअखेर, आता त्यांची आवश्यकता नाही असे ठरल्यावर, तारेने कळवून ते हुकूम रद्द करण्यात आले आणि सरकारचे सुमारे ५०,००० पौंड वाचले. मरणाच्या दाराशी असलेल्या त्या तारेने केलेली ही शेवटची कमाई.

त्यानंतर जे घडले ते मला तार टाकण्याच्या पराक्रमाहून मोठे वाटते. सरकारने आणि कंपनीने मिळून एक चौकशी समिती नेमली, आणि १८६१ साली तिचा अहवाल बाहेर आला. तार बहिरी झाली म्हणजे जोर न वाढविता मोजमाप करावयाचे, हा धडा त्या काळात पक्का झाला. त्याच वर्षी ब्रिटिश असोसिएशनने विद्युत्-रोधाचे प्रमाण ठरविण्यासाठी समिती बसविली; आजचा ओहम त्या कामातून घडला. रोध मोजता आला की दोष कोठे आहे हे किनाऱ्यावर बसून सांगता येते, कारण प्रत्येक मैलाचा रोध ठाऊक असतो, आणि टोकापासून दोषापर्यंतचा रोध मोजला की मैलांचा हिशेब आपोआप होतो. समुद्राच्या तळाशी, जेथे मनुष्याची दृष्टी पोहोचत नाही, तेथे अमुक इतक्या मैलांवर तार उघडी पडली आहे असे कागदावर लिहून देणारी विद्या जन्मास आली. १८६६ साली अटलांटिकची तार कायमची चालू झाली. १८७० च्या आरंभी ‘ग्रेट ईस्टर्न’ हे तेच महाकाय जहाज मुंबईच्या बंदरात आले आणि तेथून एडनकडे तार टाकीत निघाले. त्याच वर्षी मुंबई आणि लंडन समुद्राखालून एकमेकांशी बोलू लागली. तार टाकली जात असता तिची परीक्षा क्षणभरही थांबू द्यावयाची नाही, असा तोवर दंडक झाला होता.

आता त्या ओसरीवर परत येतो. एवढा इतिहास ठाऊक असूनही मी पुढचा पाऊण तास वाया घालविला, हे कबूल केले पाहिजे. इतिहास वाचणे निराळे आणि वेळेवर तो आठवणे निराळे.

माझा संशय प्रथम गेला तो ४८ व्होल्टवर. माझा मायक्रोफोन कंडेन्सर जातीचा. या जातीचा जनक वेस्टर्न इलेक्ट्रिकमधील ई. सी. वेंटे, साल १९१६. धातूचा एक पातळ पडदा आणि त्यामागे एक स्थिर पत्रा, एवढीच त्याची मूळ रचना. आवाजाने पडदा थरारला की दोहोंमधील अंतर बदलते आणि त्याबरोबर विद्युत्-धारकताही बदलते. हा बदल इतका सूक्ष्म की तो मायक्रोफोनच्या पोटातच सबळ करावा लागतो, आणि त्यासाठी वीज लागते. पूर्वी मायक्रोफोनच्या पोटात काचेची निर्वात नळी असे आणि प्रत्येकाबरोबर विजेची एक जड पेटी वागवावी लागे. ट्रान्झिस्टर आला आणि अगदी थोडी वीज पुरू लागली. तेव्हा ती निराळ्या तारेने न देता आवाजाच्याच तारेतून उलट दिशेने का देऊ नये, असा विचार पुढे आला. या विजेला फँटम पॉवर, म्हणजे भुताची वीज, असे नाव पडले. भूत अशासाठी, की मायक्रोफोनच्या केबलमध्ये आवाजाच्या दोन तारा असतात आणि हा दाब दोहोंवर सारखाच चढविलेला असतो. आवाज वाचला जातो तो दोन तारांमधील फरकावरून. दाब दोहोंवर सारखा म्हणजे फरक शून्य, म्हणून आवाजाला तो दिसत नाही. असून नसल्यासारखा!

पण तो नेमका ४८ व्होल्टच का? ४० नाही, ५० नाही? याची कथा गमतीची आहे. १९६६ साली जर्मनीची नॉयमान ही मायक्रोफोनची पेढी आपला नवा ट्रान्झिस्टरचा मायक्रोफोन घेऊन नॉर्वेच्या नभोवाणीकडे गेली. त्या देशात हिवाळ्यात सूर्याचे दर्शन दुर्लभ; म्हणून तेथील ध्वनिगृहांत दिव्यांची एक जादा व्यवस्था केलेली होती, आणि ती ४८ व्होल्टवर चाले. वीज घरात आहेच, मग तीच वापरावी, असे ठरले. पुढे हाच आकडा प्रमाण म्हणून सर्व जगाने स्वीकारला. उत्तर ध्रुवाजवळच्या अंधाराने ठरविलेला तो आकडा तंजावरच्या रखरखीत उन्हात माझ्या पेटीवर लिहिलेला होता, आणि मी तो दाबून पाहत होतो, सोडून पाहत होतो. केबल बदलली. मायक्रोफोन बदलला. पेटी दुसऱ्या खाचेत लावली, कारण संगणकाच्या यूएसबी खाचेतून मिळतात अवघे ५ व्होल्ट, आणि त्यांतूनच पेटीला स्वतःचे ४८ उत्पन्न करावे लागतात. खाच दुबळी असली तर भूत उपाशी राहते. रेघ हलली नाही.

आजींचा नातू चेन्नईस संगणकाच्या कामात आहे. सुटीसाठी घरी आला होता. तो इतका वेळ दारात उभा राहून माझी धडपड पाहत होता. त्याने अगदी नम्रपणे विचारले, “काका, आजी बोलल्या की पेटीवरचा हा दिवा तांबडा होतो आहे. मग आवाज पेटीपर्यंत आलेलाच आहे ना?”

मी खजील झालो. वाट अर्ध्यावर तोडावी आणि दोष कोणत्या अर्ध्यात आहे ते आधी पाहावे, ही तार तपासणाऱ्यांची पहिली रीत. आजींच्या ओठांपासून पेटीपर्यंतची सगळी वाट शाबूत असल्याची ग्वाही तो दिवा पहिल्या मिनिटापासून देत होता, आणि मी मात्र त्याच निर्दोष अर्ध्याची झडती घेत बसलो होतो. दोष पलीकडच्या अर्ध्यात होता. जेथे आवाज हा आवाज राहत नाही, आकडे होतो.

आवाजाचे आकडे करावे ही कल्पना ॲलेक रीव्हज या इंग्रज अभियंत्याची. १९३७ साली पॅरिसमधील प्रयोगशाळेत ती त्याला सुचली. लाट जशीच्या तशी पाठवू गेल्यास वाटेतला खरखराट तिच्यात मिसळतो. म्हणून लाटेची उंची ठराविक क्षणांनी मोजावी आणि ती मापेच पाठवावी. त्या काळच्या साधनांना ही कल्पना पेलणारी नव्हती. मापे सेकंदाला किती वेळा घ्यावयाची याचे उत्तर नायक्विस्ट आणि शॅनन यांच्या सिद्धांतांतून मिळते: जो सर्वांत उंच स्वर टिपावयाचा त्याच्या कंपनसंख्येच्या दुपटीहून अधिक. माणसाच्या कानाची मजल सुमारे २०,००० कंपनांपर्यंत, तेव्हा ४०,००० च्या थोडे वर कोठेतरी हा आकडा यावयास हवा. प्रत्यक्षात आला तो ४४,१००. हा शेपटीचा १०० कोठून आला? तोही असाच उसन्या घरातून. १९७० च्या दशकात आकड्यांचा एवढा लोंढा साठवू शकेल असे हाताशी असलेले यंत्र म्हणजे चित्रफितीचे यंत्र. दूरचित्रवाणीच्या चित्राच्या प्रत्येक ओळीत तीन मापे बसविली. अमेरिका-जपानच्या पद्धतीत वापरता येण्याजोग्या २४५ ओळी, सेकंदाला ६० वेळा. तिन्हींचा गुणाकार ४४,१००. युरोपच्या पद्धतीत २९४ ओळी, ५० वेळा; गुणाकार पुन्हा ४४,१००! दोन्ही खंडांना चालणारा हा आकडा १९८२ साली बाजारात आलेल्या तबकडीने घेतला. चित्रपट आणि नभोवाणी यांनी आपल्या सोयीसाठी ४८,००० धरला. तेव्हापासून या दोन आकड्यांचे वाकडे आहे. पेटी एका तालावर मोजत असेल आणि संगणकातील कार्यक्रम दुसऱ्या तालाची वाट पाहत असेल, तर कधी स्वर चढतो, कधी तडतड ऐकू येते, आणि कधी कधी काहीच ऐकू येत नाही. म्हणून नातवाने प्रथम तेच पाहिले. दोन्हीकडे ४८,००० होते.

मग त्याने संगणकाचा असा एक भाग उघडला की जेथे मी आजवर कधी गेलो नव्हतो. कोणत्या कार्यक्रमाला मायक्रोफोन ऐकण्याची मुभा आहे याची तेथे यादी होती, आणि माझ्या ध्वनिमुद्रणाच्या कार्यक्रमापुढची मुभा काढून घेतलेली होती. रात्री मी झोपलो असता संगणकाने स्वतःची नवी आवृत्ती स्वतःच बसवून घेतली होती. त्या घरभरणीत माझी जुनी परवानगी हरवली. त्याच्या कर्त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. १९५० सालच्या ध्वनिमुद्रकाला ही अडचण स्वप्नातही आली नसती. १९०२ साली फ्रेड गाइसबर्ग कलकत्त्यास गौहर जान यांचे गाणे मुद्रित करावयास आला, तेव्हा कर्णा, सुई आणि मेण यांच्याखेरीज मध्ये कोणी नव्हते. सुई थरारते की नाही हे डोळ्यांना दिसे. आता मध्ये एक द्वारपाल आलेला आहे. २०१८ पासून प्रमुख संगणक-प्रणालींनी मायक्रोफोनच्या दाराशी तो बसविला, आणि तो बसविण्यास सबळ कारण होते, कारण आपल्या नकळत आपले बोलणे कोणी ऐकू नये ही मागणी रास्तच आहे. माझी तक्रार त्याच्या असण्याबद्दल नाही, त्याच्या रीतीबद्दल आहे. हा द्वारपाल “आत सोडत नाही” असे तोंडाने सांगत नाही. तो आतल्या कार्यक्रमाला एकामागून एक शून्ये देत राहतो, आणि कार्यक्रम ती शून्ये शांतता म्हणून निष्ठेने टिपत राहतो. दोष झाल्याची एक ओळही कोठे उमटत नाही. १८५८ साली व्हॅलेन्शियाहून निदान काही दिवसांनी तरी खरे कळले होते.

नातवाने एक कळ दाबली. सरळ रेघ थरारली, आणि ओसरीवर बसलेल्या चिमण्यांचा आवाज पडद्यावर उमटला.

आजी इतका वेळ शांतपणे वाती वळीत बसल्या होत्या. त्यांना पुन्हा तेच गाणे म्हणण्याची विनंती केली. त्यांनी वातींचे तबक बाजूला सारले आणि म्हटले. पहिल्या खेपेस मी ऐकलेल्या गाण्यात वरमाईला उद्देशून एक कडवे होते. त्यातला एक शब्द मी पूर्वी कोठेही ऐकलेला नव्हता, आणि आता तो मला सांगताही येत नाही. दुसऱ्या खेपेस ते कडवे आले नाही. मी विचारले, तेव्हा असे कडवे या गाण्यात नाहीच, असे त्यांनी मला ठामपणे सांगितले.

ते ध्वनिमुद्रण माझ्यापाशी आहे. त्याच्या पहिल्या दोन ओळी फाटलेल्या ऐकू येतात. गेनची खुंटी मी उजवीकडे पिळली होती, ती मागे आणावयाची राहून गेली होती.